केस कापणाऱ्याला टीप: किती, केव्हा आणि कोणाच्या हातात

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपण गेली काही वर्षे एकाच सलूनमध्ये दर सहा आठवड्यांनी केस कापून घेता आणि वर्षातून दोनतीनदा रंगवून घेता. केस एक मुलगा धुतो, कापणारी बाई वेगळी, आणि ही बाई आता त्याच सलूनची मालकीण झाली आहे. तेव्हा तिला यापुढे टीप द्यावी की नाही, द्यावी तर किती, कार्डाने दिलेली टीप काम करणाऱ्यापर्यंत पोहोचते का, काम मनासारखे झाले नाही तर काय करावे, आणि टॅक्सी, घरपोच सेवा, हॉटेल अशा रोजच्या इतर सेवांनाही हाच हिशेब लावावा का, असे आपण विचारले आहे. मी २६ वर्षे या धंद्यात आहे. सुरुवातीला दुसऱ्याच्या सलूनमध्ये पगारावर, नंतर भाड्याच्या खुर्चीवर आणि आता स्वतःच्या सलूनमध्ये, अशा तिन्ही जागांवरून मी टीप घेतली आहे आणि वाटलीही आहे, त्यामुळे उत्तर थोडे लांबेल.

गिऱ्हाईक नेहमी ‘किती’पासून सुरुवात करते. माझ्या अनुभवाने पहिला प्रश्न ‘कोणाला’ हा असायला हवा, कारण रक्कम ठरवताना होणारी चूक किरकोळ असते, पण टीप भलत्याच ठिकाणी गेली तर ज्याच्यासाठी काढली त्याच्या वाट्याला काहीच येत नाही. आपल्या प्रश्नातला केस धुणारा मुलगा याचे चांगले उदाहरण आहे. तो दिवसाला वीसपंचवीस डोकी धुतो. त्याचे हात सकाळपासून रात्रीपर्यंत पाण्यात आणि शाम्पूत असतात, बोटांच्या पेरांना चिरा पडतात आणि त्या चिरांत ब्लीच गेले की झोंबते. मी स्वतः दोन वर्षे बेसिनवर उभी होते. रात्री हातांना तेल लावून मोजे घालून झोपत असे. डोके चोळताना कानामागे फेस राहू नये, पाणी मानेवरून कपड्यांत उतरू नये, रंग धुताना कपाळावर डाग राहू नये, एवढे सगळे त्याच्याकडे असते आणि बिलावर मात्र त्याचे नाव कुठेच नसते. आपण पैसे भरायला काउंटरवर येता तेव्हा तो दुसऱ्या डोक्याला पाणी लावत असतो. म्हणून त्याची टीप वेगळी काढावी आणि बेसिनवरून उठताना तिथेच त्याच्या हातात द्यावी. रक्कम मोठी असण्याची गरज नाही; कापणाऱ्या व्यक्तीला जे देता त्याच्या पाव ते तिसरा हिस्सा हे प्रमाण मला योग्य वाटते. केस रंगवण्याच्या दिवशी ते थोडे वाढवावे, कारण त्या दिवशी रंग कालवणे, फॉइल कापून देणे आणि दोनतीन वेळा धुणे, अशी निम्मी मेहनत मदतनिसाचीच असते.

आता ‘किती’. अमेरिकेत सलूनमध्ये बिलाच्या १५ ते २० टक्के देण्याची रीत आहे, आणि इंटरनेटवर सगळीकडे हाच आकडा फिरत असल्यामुळे तो जगाचा नियम आहे असे वाटू लागते. तसे नाही. त्या आकड्यामागे तिथली वेतनरचना आहे, आणि तिच्याबद्दल पुढे लिहिते. जिथे टीप अपेक्षित आहे पण सक्तीसारखी नाही, अशा ठिकाणी साध्या केस कापण्याला दहा टक्क्यांच्या आसपास देणे कोणालाही कमी वाटत नाही, आणि जिथे टीप देण्याची फारशी पद्धत नाही तिथे बिलाची रक्कम वरच्या पूर्ण आकड्याला नेऊन ठेवली तरी पुरते. टक्केवारीपेक्षा सातत्य मोलाचे असते. एकदा भरघोस आणि पुढचे तीन वेळा काहीच नाही, यापेक्षा दर खेपेला ठरलेली लहान रक्कम दिलेली आम्हाला अधिक कळते, कारण ती महिन्याच्या खर्चात धरता येते. सवलतीचे कूपन वापरले असेल तर टीप मूळ दरावर मोजावी; कूपनमुळे सलूनचा दर उतरला, पण कापणाऱ्याचा वेळ तेवढाच गेला. दोन भेटींच्या मधे कपाळावरच्या बटा कोणी फुकट नीट करून दिल्या, तर तिथे टक्के मोजायला बिलच नसते. तेव्हा पाच मिनिटांच्या कामाला शोभेल असे काहीतरी द्यावे. लहान मुलाचे केस कापायला मोठ्या माणसापेक्षा दर कमी असतो आणि कष्ट जास्त असतात. हलणाऱ्या डोक्याजवळ उघडी कात्री धरणे म्हणजे काय, हे ज्याने केले त्यालाच ठाऊक, म्हणून तिथे मी टक्केवारी सोडून मोकळ्या हाताने द्यायला सांगेन.

मालकिणीचा प्रश्न खरोखर नाजूक आहे. जुना शिष्टाचार असा होता की मालकाला टीप देऊ नये, कारण दर तोच ठरवतो आणि नफाही त्याच्याकडेच जातो. टीप देणे म्हणजे त्याला नोकर समजणे, असेही काही जण मानत. आज ही रेषा पुसट झाली आहे, कारण कित्येक ‘मालक’ एकाच खुर्चीवर एकटे काम करतात आणि जागेचे भाडे, वीज, रंगाच्या नळ्या, टॉवेलांची धुलाई हे सगळे भागवून जे उरते ते पगारदाराच्या कमाईएवढेही नसते. तेव्हा बंधन कोणतेच नाही, असे मी स्पष्ट सांगेन. आपण तिला ती पगारावर असल्यापासून टीप देत आला असाल, तर ती मालकीण झाल्याच्या दिवसापासून अचानक थांबवल्यास तिला आपले काहीतरी चुकले असे वाटू शकते, आणि देत राहिल्यास तिला संकोच होण्याचीही शक्यता आहे. यावर सरळ उपाय म्हणजे तिला एकदा विचारणे: “आता तुमचे स्वतःचे सलून झाले, मी पूर्वीसारखे दिलेले चालेल ना?” मला माझ्या एका जुन्या बाईंनी असेच विचारले होते आणि मी त्यांना माझा वाटा बेसिनवरच्या मुलींना द्यायला सांगितले. तेव्हापासून तेच चालू आहे. भाड्याच्या खुर्चीवर काम करणारी व्यक्ती या दोघांच्या मधे बसते. तिने लावलेला दर तिचाच असतो, पण खुर्चीचे भाडे आणि सामानाचा खर्च तिच्याच अंगावर असतो, आजारपणाची भरपगारी रजा नसते आणि गिऱ्हाईक आले नाही तरी भाडे चुकत नाही. तिला पगारदाराप्रमाणेच टीप द्यावी, असे माझे मत आहे.

कार्डाने दिलेल्या टीपेचे काय होते, हे देशादेशांत आणि दुकानादुकानांत वेगळे आहे. माझ्या पहिल्या नोकरीत काउंटरवर एक पत्र्याचा डबा होता. सगळ्यांच्या टिपा त्यात पडत आणि शनिवारी रात्री शटर अर्धे ओढून मालक तो उघडत असत. मोजणी आमच्यासमोर होई, पण वाटणीआधी कात्र्यांना धार लावल्याचे, हरवलेल्या कंगव्यांचे आणि फाटलेल्या टॉवेलांचे पैसे त्यातूनच कापले जात. गिऱ्हाइकाने माझ्या हाताच्या कामावर खूश होऊन दिलेल्या पैशातून दुकानाचे टॉवेल येत होते, आणि हे त्या गिऱ्हाइकाला कधीच कळले नाही. त्या डब्याची आठवण मला आजही बोचते. आता काही देशांनी याला कायद्याने आळा घातला आहे. ब्रिटनमध्ये २०२३ साली टीपवाटपाचा कायदा झाला आणि तो १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाला. त्यानुसार मालकाच्या हाती येणारी टीप, मग ती कार्डाने का असेना, कराखेरीज कोणतीही कपात न करता पुढच्या महिन्याच्या अखेरीपर्यंत कामगारांना न्याय्य रीतीने वाटावी लागते. अमेरिकेतही २०१८ सालच्या दुरुस्तीनंतर मालकाला आणि व्यवस्थापकाला कामगारांच्या टिपांत वाटा घेता येत नाही. तरीही कायदा काउंटरवर उभा राहून पाहत नाही. म्हणून रोख देता येत असेल तर रोख द्यावी, आणि कार्डानेच देणे भाग असेल तर काम करणाऱ्यालाच, काउंटरपासून थोडे दूर, हळू आवाजात विचारावे की कार्डावरचे पैसे तुमच्यापर्यंत येतात का. या प्रश्नाचा आम्हाला राग येत नाही. उलट कोणीतरी विचारले याचे बरे वाटते.

बिलात आधीच छापलेले सेवाशुल्क आणि टीप या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हेही ध्यानात ठेवावे. टीप कोणाला आणि किती द्यायची हे देणारा ठरवतो, तर सेवाशुल्क दुकान लावते आणि ते कामगारापर्यंत किती उतरते हे त्या ठिकाणच्या कायद्यावर आणि मालकाच्या दानतीवर अवलंबून असते. भारतात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये काढलेल्या सूचनांप्रमाणे उपाहारगृहांना सेवाशुल्क आपोआप बिलात जोडता येत नाही, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या सूचना वैध ठरवल्या. फ्रान्समध्ये मात्र उपाहारगृहाच्या छापील दरातच सेवेचा मोबदला धरलेला असतो, त्यामुळे तिथे वर काही ठेवले तर तो निव्वळ आनंदाचा भाग होय.

वर म्हटल्याप्रमाणे अमेरिकेच्या टक्केवारीमागे वेतनाचे गणित आहे. तिथल्या संघराज्याच्या कायद्याने सर्वसाधारण किमान वेतन २००९ पासून तासाला ७.२५ डॉलर आहे. पण ज्यांना नियमितपणे टीप मिळते त्यांना मालकाने स्वतःच्या खिशातून द्यायचे किमान वेतन १९९१ पासून तासाला २.१३ डॉलरवरच थांबलेले आहे. फरक टिपांतून भरून निघावा अशी अपेक्षा असते आणि तो निघाला नाही तर मालकाने भरायचा असतो. काही राज्यांनी ही सूट काढून टाकली आहे, पण जिथे ती आहे तिथे टेबलावर ठेवलेली टीप म्हणजे वाढप्याचा पगारच असतो. या व्यवस्थेला विरोधही जुना आहे. १९०९ मध्ये वॉशिंग्टन राज्याने टीप देण्याघेण्यावर बंदी घातली, पाठोपाठ आणखी काही राज्यांनी घातली, आणि १९२६ पर्यंत ते सगळे कायदे रद्दही झाले. मला स्वतःला पुरेसा पगार आणि वर ऐच्छिक टीप हीच रचना न्याय्य वाटते. परंतु ज्या ठिकाणी पगारच टिपेवर तोललेला आहे तिथे जाऊन ‘मला ही पद्धत मान्य नाही’ म्हणून टीप न देणे, याचा भुर्दंड व्यवस्थेला पडत नाही, समोर उभ्या असलेल्या माणसाला पडतो.

काम बिघडले तर काय करावे, याबद्दल मला जरा सविस्तर लिहायचे आहे, कारण इथे गिऱ्हाइकाचे आणि आमचे दोघांचेही नुकसान होते. आम्ही मागून आरसा धरतो, आपण त्यात पाहून “छान” म्हणता, टीपही देता आणि घरी जाऊन रडता. किंवा काही न बोलता टीप कमी करता आणि त्यातून आम्ही काहीतरी समजून घेऊ असे धरून चालता. आम्हाला काहीच समजत नाही. सुट्टे नसतील, घाई असेल, विसरला असाल, असेच आम्ही मानतो. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाचे प्राध्यापक मायकेल लिन यांनी टीप या विषयाचा वर्षानुवर्षे अभ्यास केला आहे, आणि सेवेचा दर्जा व टीपेची रक्कम यांचा संबंध लोक समजतात त्यापेक्षा फारच क्षीण असतो, असे त्यातून दिसले आहे. हा अभ्यास मुख्यतः उपाहारगृहांचा असला तरी माझा अनुभव त्याच्याशी जुळतो. टीप ही तक्रारीची भाषा नाही; तक्रार तोंडानेच करावी लागते. ती केव्हा करावी, तर केस वाळवून झाल्यावर आणि खुर्चीवरून उठण्याआधी. ओले केस ताणलेले असल्यामुळे लांब दिसतात आणि वाळल्यावर वर चढतात, विशेषतः कुरळे केस बोटभर तरी आखडतात, म्हणून ओल्या केसांवरून मत बनवू नये आणि वाळल्यावर गप्पही बसू नये. घरी गेल्यावर लक्षात आले तर आठवड्याच्या आत फोन करावा. बहुतेक सलून ती दुरुस्ती विनामूल्य करतात. चूक आमची असेल तर त्या दुरुस्तीवर टीप अपेक्षित नसते, पण त्या दिवशीही केस धुणाऱ्याला मात्र द्यावी, कारण चूक त्याची नव्हती आणि काम त्याला पुन्हा करावे लागले.

देण्याची रीत सोपी आहे. नोटेची घडी करून हातात द्यावी, किंवा पाकिटावर नाव लिहून काउंटरवर ठेवावे. हातमोज्यांना रंग लागलेला असेल तर ट्रॉलीवर ठेवून तसे सांगावे. ॲप्रनच्या खिशात परस्पर नोट सरकवू नये. अनेक मुलींना ते अंगचटीला आल्यासारखे वाटते आणि त्या बोलून दाखवत नाहीत. रक्कम मोठ्याने उच्चारू नये, शेजारच्या खुर्चीवरच्या व्यक्तीला उगाच लाजल्यासारखे होते. अलीकडे काउंटरवरचा पडदा गिऱ्हाइकाकडे फिरवतात आणि त्यावर आधीच ठरवलेले दोनतीन टक्के झळकत असतात. तिथे स्वतःचा आकडा लिहिण्याची किंवा पुढे जाण्याची सोय बहुधा असतेच, आणि ती वापरण्यात काही गैर नाही. माझ्या सलूनमध्ये त्या क्षणी कापणाऱ्या व्यक्तीने काउंटरजवळ थांबू नये असा नियम मी केला आहे. समोर उभे राहून मिळवलेल्या टिपेत भिडेचाच भाग जास्त असतो.

इतर सेवांना हाच हिशेब जसाच्या तसा लागू पडत नाही, पण ‘कोणाच्या हातात’ हा प्रश्न तिथेही पहिलाच ठेवावा. मालिश करणारे, नखांचे काम करणारे, घरी येऊन केस कापणारे यांना सलूनसारखेच द्यावे, आणि घरी येणाऱ्याच्या जाण्यायेण्याचा वेळही जमेस धरावा. टॅक्सीला वरचा पूर्ण आकडा पुरे. सामान उचलून दिले असेल तर थोडे अधिक. हॉटेलची खोली साफ करणारी व्यक्ती आपल्याला बहुधा दिसतच नाही, म्हणून तिची टीप हमखास राहते. ती निघण्याच्या दिवशी एकदम ठेवू नये, रोज सकाळी ठेवावी, कारण रोज तीच व्यक्ती असेल असे नाही. आणि सोबत ‘खोली साफ करणाऱ्यांसाठी, धन्यवाद’ अशी चिठ्ठी ठेवावी, कारण बेवारस नोट उचलली आणि ती पाहुण्याची विसरलेली निघाली तर तिच्यावर चोरीचा आळ येऊ शकतो. घरपोच सामान आणणाऱ्याला शक्य तर दारात द्यावे. काही ॲपवर आगाऊ टीप लिहिता येते, पण ती कामाआधीच दिलेली असते आणि मग तिच्यात शाबासकीपेक्षा बोलीचा भाग अधिक येतो. पाऊस, जिने आणि जड पिशव्या या तिन्ही वेळी हात आखडू नये. घरसामान हलवणाऱ्यांच्या मुकादमाकडे एकगठ्ठा रक्कम देण्यापेक्षा प्रत्येकाला वेगळी द्यावी.

काही ठिकाणी टीप देऊच नये, आणि हे मी तितक्याच आग्रहाने सांगेन. डॉक्टर, परिचारिका, शिक्षक, सरकारी कर्मचारी, पोलीस यांना दिलेले पैसे म्हणजे टीप नव्हे. आपल्या भाषेत बक्षिसी आणि चिरीमिरी हे दोन वेगळे शब्द आहेत आणि त्यांतला फरक नेमका आहे: बक्षिसी काम झाल्यावर खुशीने दिली जाते, चिरीमिरी हक्काचे काम अडू नये म्हणून द्यावी लागते. इंग्रजी ‘टिप’ हा शब्द ‘तत्पर सेवेची हमी मिळावी म्हणून’ अशा अर्थाच्या आद्याक्षरांपासून बनला, अशी एक गोष्ट सर्रास सांगितली जाते. ती खोटी आहे. हा शब्द सतराव्या शतकातल्या इंग्लंडमधल्या भुरट्यांच्या बोलीत ‘देणे’ या अर्थाने होता आणि तिथून पुढे आला. जपानमध्ये तर सलून, टॅक्सी, उपाहारगृह अशा कुठेच टीपेची अपेक्षा नसते, आणि ठेवलेले पैसे विसरले असे समजून माणूस आपल्या मागे धावत येऊन ते परत करण्याचीही शक्यता असते. तिथे नीट शब्दांत आभार मानणे हीच रीत आहे.

शेवटी, आपण विचारले नाही तरी एक सांगते. काही वर्षांपूर्वी माझे एक नेहमीचे गिऱ्हाईक चारपाच महिने आलेच नाही. आले तेव्हा केस घरीच, बहुधा स्वयंपाकघरातल्या कात्रीने, मागून वेडेवाकडे कापलेले होते. नोकरी गेली होती. बिलापुरते पैसे होते, पण दर वेळी टीप देत असल्यामुळे टीप न देता यायला त्यांना अवघड वाटत होते. मी मान खाली करायला सांगून मागची रेषा सरळ करत होते आणि मला काय बोलावे ते सुचत नव्हते. ठरलेला दर भरला की आमचे देणे पूर्ण होते. हात तंग असेल त्या महिन्यांत टीप न देता यावे, वेळ घ्यावी आणि ती पाळावी, न जमल्यास आदल्या दिवशी कळवावे, आणि काम आवडले असेल तर ज्याने केले त्याचे नाव घेऊन मालकासमोर तसे म्हणावे. शिकाऊ मुलाला बेसिनवरून खुर्चीवर केव्हा घ्यायचे हे ठरवताना मी अशी ऐकलेली वाक्ये लक्षात ठेवलेली असतात.